शिकाऊ ड्रायव्हरचं बिल कोण भरणार?

अमेरिकेत हायवेवर शेजारून १८ चाकी ट्रक गेला की आपली छोटी गाडी जराशी थरथरते. ५३ फुटी ट्रेलर, पूर्ण भरला की सगळं मिळून ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टन. हे धूड चालवणारा माणूस ते कुठे शिकला असेल, असा प्रश्न मला बरेच दिवस पडत होता. मग एका वीकेंडला शोधायला बसलो आणि लक्षात आलं की खरा प्रश्न जरा वेगळाच आहे. कुठे शिकला ते समजायला फार वेळ लागत नाही. पण त्याच्या शिकण्याचे पैसे कुणी भरले, हे विचारायला लागलं की शंभर वर्षांचा इतिहास उलगडायला लागतो.

तर सुरुवात करू १९१९ पासून. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लष्करी वाहनं देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकन सैन्याने सुमारे ८० वाहनांचा एक ताफा ७ जुलै १९१९ रोजी वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवला. सुमारे ३,२५० मैल, ६२ दिवस, सरासरी वेग ताशी सहा मैल. आपली बैलगाडी अगदीच मागे पडली नसती! या ताफ्याबरोबर निरीक्षक म्हणून एक तरुण अधिकारी गेला होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेच्या कायद्यावर सही केली, त्यामागे या प्रवासाची आठवण होती हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मला त्यांच्या आठवणींतली दुसरीच गोष्ट आवडली. ते लिहितात की सगळ्या ड्रायव्हर्सनी ट्रकचा दांडगा अनुभव असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात काहींनी मॉडेल टी च्या पुढचं काही हाताळलेलंच नसावं. आणि गाडी सुरू करताना, थांबवताना त्यांच्या तोंडून जी फुलं बाहेर पडत, त्यावरून त्यांची उमेदवारी इंजिनापेक्षा घोड्यांपाशी जास्त झाली असावी असं वाटे :)

यात फक्त विनोद नाही. इंग्रजीत 'टीम' म्हणजे गाडीला जुंपलेली जनावरं आणि ती हाकणारा तो 'टीमस्टर'. अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हर्सची सगळ्यात मोठी युनियन १९०३ मध्ये स्थापन झाली ती घोडागाडीवाल्यांची म्हणून. घोडे गेले, ट्रक आले, नाव मात्र आजही 'टीमस्टर्स' आहे. शिकण्याची पद्धतही बराच काळ घोडागाडीच्या वेळचीच राहिली. बापाच्या शेतावर, नाहीतर एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून. आपल्याकडे किन्नर म्हणून ट्रकवर चढलेलं पोरगं टायर बदलत, काचा पुसत, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बडबड करत चार-पाच वर्षांनी स्टिअरिंगवर बसतं, तसंच काहीसं. फी नाही, सर्टिफिकेट नाही. किंमत मोजायची ती आयुष्यातल्या वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धात एवढा वेळ कुणाकडे होता? १९४४ च्या ऑगस्टमध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे गेलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. रेल्वे तर आधीच बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेली. तेव्हा २५ ऑगस्टला 'रेड बॉल एक्स्प्रेस' सुरू झाली. जवळपास सहा हजार ट्रक, एकेरी वाहतुकीसाठी राखून ठेवलेले रस्ते, दिवसरात्र फेऱ्या. १६ नोव्हेंबरपर्यंत चार लाख टनांवर माल या ट्रकांनी पोचवला. ड्रायव्हर्सपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. सैन्याने त्यांना जेमतेम शिकवून स्टिअरिंगवर बसवलं, आणि बाकीचं ते शत्रूच्या विमानांखाली, रात्रीच्या काळोखात शिकले. म्हणजे यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने केला होता, आणि परीक्षाही कडक झाली होती. मग घरी परतल्यावर यांच्या हातात ट्रक आले असतील ना?

इथे थोडं थांबावं लागतं. कारण युद्धानंतरचा काळ हा अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा सुवर्णकाळ मानला जातो. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने सरकारने ट्रक कंपन्यांचे मार्ग आणि दर बांधून दिले होते. नवीन कंपनीला धंद्यात शिरणं महाकठीण. त्यामुळे असलेल्या कंपन्यांचा नफा सुरक्षित, आणि त्यातला वाटा युनियन मागून घेई. १९६४ मध्ये जिमी हॉफाने चार लाखांहून जास्त कामगारांसाठी देशभर एकच वेतन करार करून घेतला. या व्यवस्थेत कंपनीला नव्या माणसाला हळूहळू तयार करणं परवडत होतं. आधी गोदामात माल चढव-उतरव, मग यार्डातल्या यार्डात ट्रक हलव, मग शहरातल्या फेऱ्या आणि मग लांब पल्ला. शिकतानाही पगार चालू. ड्रायव्हर सोडून जाईल ही भीती नव्हती, कारण यापेक्षा चांगली नोकरी दुसरीकडे नव्हतीच.

पण ही शिडी सगळ्यांसाठी नव्हती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला. सरकार एका बाजूला, आणि टी.आय.एम.ई.-डी.सी. नावाची ट्रक कंपनी व टीमस्टर्स युनियन दुसऱ्या बाजूला. त्यातले आकडे असे: ३१ मार्च १९७१ रोजी या कंपनीत लांब पल्ल्याचे १,८२८ ड्रायव्हर होते. त्यातले कृष्णवर्णीय किती? ८. आणि तेही सगळे खटला सुरू झाल्यानंतर घेतलेले. त्याआधीच्या अनेक वर्षांत शिकागोच्या एका माणसाचा अपवाद सोडला तर १९६९ पर्यंत एकही नाही. शहरातल्या फेऱ्यांवर ते होते, लांब पल्ल्याच्या चांगल्या पगारावर नाहीत. बदली मागावी तर तोवरची सीनियॉरिटी सोडून यादीच्या तळाशी जावं लागे. रेड बॉल एक्स्प्रेसवर जर्मन विमानांखाली ट्रक चालवलेला माणूस टेक्सासमध्ये लांब पल्ल्याला 'अनुभव कमी' ठरू शकत होता. तेव्हा सुवर्णकाळ हा शब्द वापरताना जरा जपून.

आता येऊ १९८० कडे. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या मोटर कॅरियर कायद्यावर सही केली आणि जुनी बंधनं मोकळी झाली. दर कुणीही कमी करावेत, कुठल्याही मार्गावर कुणीही ट्रक चालवावा. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्यांची संख्या दुपटीच्या वर गेली. वाहतूक स्वस्त झाली, दुकानातला माल स्वस्त झाला, आणि याचा फायदा अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला झाला, हेही मान्य केलं पाहिजे. पण आता प्रत्येक कंपनी दुसरीपेक्षा दोन पैसे कमी दर लावायला टपलेली. अशा वेळी शिकाऊ माणसाला पगार देऊन तीन-चार वर्षं गोदामात वाढवणार कोण? शिडीच काढून घेतली गेली.

त्याच सुमारास लायसन्सची कथा सुरू होते. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण १९८६ पर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर कायदेशीरपणे हा १८ चाकी ट्रक चालवता येत असे. शिवाय काही महाभाग तीन-चार राज्यांची लायसन्सं खिशात ठेवत आणि दंड झाला की वेगवेगळ्या लायसन्सवर वाटून टाकत. लोड बॅलन्सिंगच म्हणा ना! १९८६ च्या कायद्याने हे बंद केलं. एक माणूस, एक लायसन्स, आणि लेखी व प्रत्यक्ष परीक्षा. १ एप्रिल १९९२ पासून 'सीडीएल' म्हणजे व्यावसायिक लायसन्स सगळ्यांना सक्तीचं झालं.

यात एक फट राहून गेली. कायद्याने परीक्षा सक्तीची केली, प्रशिक्षण नाही. कुठूनही शिका, कसेही शिका, पास व्हा. सरकारने १९८० च्या दशकात किमान ३२० तासांचा एक आदर्श अभ्यासक्रम तयार केला होता खरा, पण तो ऐच्छिक. १९९१ मध्ये संसदेने वाहतूक खात्याला सांगितलं की नवीन ड्रायव्हर्सच्या प्रशिक्षणाबद्दल दोन वर्षांत काहीतरी ठरवा. १९९५ च्या एका सरकारी अहवालात निष्कर्ष निघाला की जड ट्रकच्या कंपन्यांपैकी जेमतेम ८ टक्के कंपन्या पुरेसं शिकवतात. यावर २००४ मध्ये नियम आला. काय होता? चार विषय: ड्रायव्हरची पात्रता, कामाच्या तासांचे नियम, ड्रायव्हरचं आरोग्य, आणि कंपनीविरुद्ध तक्रार करणाऱ्याला मिळणारं संरक्षण. एकूण सुमारे दहा तास. ट्रक चालवायला शिकवणं त्यात नव्हतंच! २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा नियम अपुरा ठरवला. पुढे २००७ मध्ये नवा प्रस्ताव आला, तो २०१३ मध्ये मागे घेतला. २०१२ मध्ये संसदेने पुन्हा आदेश दिला. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये नियम मंजूर झाला आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. १९९१ ते २०२२. एकतीस वर्षं एक रिक्वायरमेंट बॅकलॉगमध्ये पडून राहिली. आपल्या प्रोजेक्टांना उगाच नावं ठेवतो आपण.

आणि शेवटी जे आलं त्यातही गंमत आहे. २०१६ च्या मसुद्यात किमान ३० तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर, अशी अट होती. अंतिम नियमात तासांची अटच नाही. थिअरीत ८० टक्के गुण मिळवा, आणि प्रत्यक्ष चालवण्यात शिकवणाऱ्याला तुम्ही तयार वाटलात की झालं.

बरं, मग शिकायचं काय असतं एवढं? मुख्य गोष्टी तीन. पहिली, ट्रक सुरू करण्याआधीची तपासणी. ट्रकभोवती फिरून शंभरावर गोष्टी बोट दाखवून, नाव घेऊन, मोठ्याने म्हणायच्या. मुंजीतल्या बटूसारखं पाठांतर. दुसरी, एअर ब्रेक. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा, एका मिनिटात हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग ब्रेक दाबत-सोडत हवा घालवायची. ठरावीक पातळीला इशारा वाजला पाहिजे आणि ४५ ते २० च्या मध्ये कुठेतरी पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप बाहेर आली पाहिजेत. कारण इथे स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते. हवा गेली तर ट्रक पळत सुटत नाही, जागेवर थांबतो. याला म्हणतात फेल-सेफ डिझाइन. तिसरी गोष्ट रिव्हर्स. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. जरा जास्त फिरलं की ट्रक आणि ट्रेलर मिटलेल्या चाकूसारखे दुमडतात. हे डोक्याला लगेच कळतं, हातांना कळायला दिवस लागतात. आणि दिवस म्हणजे डिझेल, ट्रक आणि शिकवणाऱ्याचा पगार.

हा खर्च १९८० नंतर मोठ्या कंपन्यांनी कसा भागवला, ते बघण्यासारखं आहे. कंपनीच शाळा काढते, किंवा एखाद्या शाळेची फी भरते. जाहिरात असते, फुकट शिका, नोकरी पक्की. तुम्ही बसने कंपनीच्या गावी जाता, मोटेलमध्ये आणखी एकाबरोबर खोली मिळते. मग ओरिएंटेशन. वैद्यकीय तपासणी (पाच फुटांवरून केलेली कुजबूज ऐकू आली पाहिजे, असा खरोखरचा नियम आहे), ड्रग टेस्ट, मागच्या नोकऱ्यांची चौकशी, रोड टेस्ट. दर दिवशी वर्गातल्या काही खुर्च्या रिकाम्या होत जातात. आणि कागद. त्या कागदांत करार असतो की साधारण वर्षभर इथेच काम करीन, आधी सोडलं तर काही हजार डॉलर फी माझ्याकडून वसूल.

लायसन्स मिळालं की काही आठवडे ट्रेनरबरोबर एकाच ट्रकमध्ये राहायचं. केबिनमध्ये दोन बंक, दोन अनोळखी माणसं. गाडी चालवण्याची रोजची मर्यादा प्रत्येक ड्रायव्हरला वेगळी लागू होते, म्हणून एक झोपलेला असताना दुसरा चालवू शकतो आणि ट्रक जवळपास दिवसभर धावतो. कंपनीला हे फारच सोयीचं. शिकाऊ मुलगा शिकतोय की कमी पैशांत माल पोचवतोय, यातली रेष इथे पुसट होते. बायकांसाठी हे बंद केबिन आणखी अवघड. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या समान रोजगार आयोगाने एका कंपनीवर खटला भरला, की शिकाऊ आणि इतर महिला ड्रायव्हर्सना ट्रेनर व सहचालकांकडून लैंगिक त्रास झाला. शेकड्यावर महिलांचे दावे न्यायालयात तग धरू शकले नाहीत. २०१६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा तिथला प्रश्न होता वकिलांची फी कुणी भरायची हा!

२०१९ चा 'न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा' हा निकालही याच पठडीतला. ऑलिव्हेरा या ड्रायव्हरचं म्हणणं होतं की त्याने शिकाऊ म्हणून १०,००० मैल बिनपगारी चालवले, आणि नंतर ट्रेनी म्हणून आणखी ३०,००० मैल जेमतेम मोबदल्यावर. पुढे त्याला 'स्वतंत्र कंत्राटदार' केलं गेलं. कंपनी म्हणाली, करारात लवादाची अट आहे, कोर्टात यायचं नाही. यावर न्यायालयाने १९२५ च्या कायद्यातल्या 'एम्प्लॉयमेंट' या शब्दाचा १९२५ मध्ये अर्थ काय होता ते जुने शब्दकोश काढून तपासलं. तेव्हा त्याचा अर्थ नुसता 'काम' असाही होत असे, मग करणारा नोकर असो की कंत्राटदार. निकाल ८-० ने ड्रायव्हरच्या बाजूने. म्हणजे कोर्टाचं दार तरी उघडं राहिलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लेख एकांगी होईल. पुण्यात आमच्या वेळी आयटी कंपन्या फ्रेशर्सकडून दोन-दोन वर्षांचा बाँड लिहून घेत. सहा महिने बसवून जावा शिकवायचं आणि पोरगं चार पैसे जास्त घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये, हे कुठल्या मॅनेजरला आवडेल? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हेच मांडलं. जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं, त्याचा खर्च कंपनी करणार नाही, शिकणाराच करेल, कमी पगार घेऊन का होईना. ट्रक चालवणं हे असंच कौशल्य. आणि बाँड नसता तर ज्याच्या खिशात फीचे पैसे नाहीत त्याला शिकताच आलं नसतं, हेही खरंच आहे.

पण बेकरच्या गणितात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे शिकणाऱ्याला आपण काय विकत घेतोय ते माहीत असतं. इथे गाडं अडतं. पगार मैलावर असतो. गोदामापाशी चार तास रांगेत थांबलं तर त्याचे पैसे कमी किंवा शून्य. १९३८ च्या वेतन कायद्यात ओव्हरटाइमची तरतूद आहे, पण लांब पल्ल्याचे ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळलेले. आठवडेच्या आठवडे घर दिसत नाही. हे ओरिएंटेशनच्या वर्गात अंगवळणी पडत नाही, रस्त्यावर गेल्यावर समजतं, आणि तोवर सही झालेली असते. स्टीव्ह व्हिसेली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने स्वतः हे प्रशिक्षण घेऊन, लांब पल्ल्याचा ट्रक चालवून २०१६ मध्ये 'द बिग रिग' हे पुस्तक लिहिलं, त्यातही हेच चित्र येतं. २००५ च्या आसपास मोठ्या कंपन्यांत वर्षाला नोकरी सोडण्याचं प्रमाण १०० टक्क्यांच्या वर गेलं होतं. म्हणजे सगळेच जात नव्हते, पण काही सीटांवर वर्षात दोन-तीन माणसं बदलत होती. जो धंदा दरवर्षी एवढी माणसं शिकवतो आणि गमावतो, त्याला 'ड्रायव्हरचा तुटवडा' आहे असं म्हणणं म्हणजे बादलीला भोक ठेवून नळाला पाणी नाही म्हणून ओरडण्यासारखं आहे.

मला यातून एवढंच समजलं की शिकवण्याचा खर्च नाहीसा कधीच होत नाही, फक्त खातं बदलतं. सैन्य होतं तेव्हा तो सरकारच्या खात्यावर होता. युनियनच्या काळात गिऱ्हाइकाच्या खात्यावर, कारण दर बांधलेले होते, आणि ज्यांना शिडीच मिळाली नाही त्यांच्याही. १९८० नंतर तो आला मोटेलच्या खोलीत कागदावर सही करणाऱ्या माणसाच्या खात्यावर, ज्याची त्या वेळी घासाघीस करायची ताकद सगळ्यात कमी असते. आणि थोडा आपल्याही खात्यावर, कारण किमान तासांची अट नसलेला तो नवा ड्रायव्हर आपल्याच शेजारच्या लेनमध्ये शिकत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी ट्रकच्या मागे 'स्टुडंट ड्रायव्हर' अशी पाटी दिसली तर हॉर्न वाजवू नका. थोडं अंतर ठेवा, त्याला लेन बदलू द्या. बहुधा तो हे मैल फुकटात नाहीतर निम्म्या पैशात चालवत असेल.

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी भेटूच.